क्रीतानुशय, अथवा घेतल्यावरचा पश्चात्ताप

सुशिक्षित मंडळींच्या बैठकीत कोर्टकचेऱ्यांचा विषय निघाला म्हणजे अमेरिकेतील एका कॉफीच्या पेल्याची गोष्ट बहुधा निघतेच. एका बाईने उपाहारगृहातून कॉफी विकत घेतली, ती आपल्याच हाताने अंगावर सांडली, आणि 'कॉफी फार गरम होती' अशी फिर्याद करून लाखो डॉलर वसूल केले, अशी ही गोष्ट सांगितली जाते. ऐकणारे हसतात, आणि मग कोणी तरी गंभीर चेहऱ्याने म्हणतो की आपल्याकडेही आता हेच होणार. हिच्या पाठोपाठ आणखी दोन गोष्टी येतात. भिजलेले मांजर वाळविण्यासाठी मायक्रोवेव्हच्या भट्टीत ठेवणारी एक बाई, आणि आपोआप वेग राखणाऱ्या कळीवर गाडी सोपवून मागच्या भागात कॉफी करावयास गेलेला एक गृहस्थ. दोघांनीही कारखानदारावर दावे लावून ते जिंकले म्हणे! या दोन कथा कोणत्याही न्यायालयाच्या दप्तरात सापडत नाहीत. त्या तोंडातोंडी वाढलेल्या कंड्या आहेत. कॉफीची गोष्ट मात्र खरी आहे, आणि खरी असल्यामुळेच ती पुरती सांगितली पाहिजे.

१९९२ च्या फेब्रुवारी महिन्यात न्यू मेक्सिको राज्यातील आल्बुकर्की शहरी ७९ वर्षांच्या एका वृद्धेने मॅकडॉनल्ड्सच्या उपाहारगृहातून ४९ सेंटांचा कॉफीचा पेला घेतला. गाडी तिचा नातू चालवीत होता, आणि दूधसाखर घालता यावी म्हणून त्याने ती उभी केली होती. पेला गुडघ्यांत धरून झाकण काढीत असता सारी कॉफी तिच्या अंगावर सांडली. कॉफीचे उष्णमान १८० ते १९० अंश फॅरनहाइट राखावे, असा त्या कंपनीचाच दंडक होता. इतका कढत द्रव काही सेकंदांत कातडीची सर्व जाडी जाळून टाकतो. बाईस आठ दिवस रुग्णालयात काढावे लागले, आणि भाजलेल्या जागी शरीराच्या अन्य भागाची कातडी आणून लावावी लागली. तिने प्रथम २०,००० डॉलर मागितले होते. कंपनीने ८०० देऊ केले. खटल्यात असे निष्पन्न झाले की मागील दहा वर्षांत भाजल्याच्या सातशेंहून अधिक तक्रारी कंपनीकडे येऊन पडल्या होत्या. १९९४ साली ज्यूरीने दोन लाख डॉलर नुकसानभरपाई ठरविली, आणि लगेच तीतून पाचवा हिस्सा वजा केला; कारण पेला गुडघ्यांत धरण्यात शेकडा २० दोष बाईचा स्वतःचा आहे, असे तिचे मत पडले. दंडादाखल म्हणून जे २७ लाख डॉलर तिने वर लादले होते ते न्यायाधीशाने ४ लाख ८० हजारांवर आणले, आणि अखेर उभय पक्षांनी ठरलेली रक्कम गुप्त ठेवून तंटा आपसांत मिटविला.

हसणाऱ्या मंडळींस या शेकडा २० चा पत्ता नसतो. आमच्या मते साऱ्या खटल्यात लक्षात ठेवण्यासारखे तेवढेच आहे. 'दोष कोणाचा?' या प्रश्नास 'सर्वस्वी विकणाऱ्याचा' किंवा 'सर्वस्वी घेणाऱ्याचा' अशी दोनच उत्तरे संभवतात असे आपण घरी बसून धरून चालतो. न्यायास मात्र हिस्से पाडून मोजावे लागते.

क्षुल्लक दावे होतच नाहीत असे मात्र आमचे म्हणणे नाही. वॉशिंग्टन शहरातील एका न्यायाधिकाऱ्याने आपली एक विजार हरवली म्हणून धुलाईचे दुकान चालविणाऱ्या एका परदेशस्थ कुटुंबावर २००५ साली दावा लावला, आणि दुकानात टांगलेल्या 'समाधानाची हमी' या पाटीच्या आधारे ग्राहक-संरक्षणाच्या कायद्याखाली आपली मागणी कोट्यवधी डॉलरांपर्यंत चढवीत नेली. २००७ च्या जूनमध्ये तो हरला. परंतु त्याच वर्षी त्या कुटुंबास ते दुकान बंद करावे लागले. खोट्या दाव्याने मोठ्या कंपनीचे फारसे बिघडत नाही. तिच्या पदरी वकिलांची फौज असते. मार बसतो तो कोपऱ्यावरच्या दुकानदारास, हे विसरता कामा नये.

हा हिस्से पाडण्याचा विचार पश्चिमेकडून आला अशी समजूत असेल तर ती चुकीची आहे. आमच्या जुन्या व्यवहारशास्त्रात विवादांची जी पदे सांगितली आहेत त्यांत क्रीतानुशय या नावाचे एक स्वतंत्र पदच आहे. अनुशय म्हणजे पश्चात्ताप. वस्तू घेतल्यावर घेणाऱ्याच्या मनात जो पालट होतो त्याचा हा कायदा. नारदस्मृतीचा नियम मोठा व्यवहारी आहे. घेतलेला माल मनास आला नाही तर त्याच दिवशी, जसाच्या तसा परत करता येतो. दुसऱ्या दिवशी परत केल्यास किंमतीचा तिसावा हिस्सा सोडावा लागतो, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, आणि त्यापुढे माल घेणाऱ्याचा. त्याचबरोबर नारद असेही बजावतो की घेणाऱ्याने वस्तू आधी स्वतः पारखावी, दुसऱ्यांस दाखवावी, आणि अशा रीतीने पसंत करून घेतलेली वस्तू मग परत करू नये.

याज्ञवल्क्य याहून पुढे जातो. पारख करण्यास सर्व वस्तूंना सारखाच काळ लागत नाही, हे त्याने ओळखले आहे. बियाण्यास दहा दिवस, लोखंडास एक, ओझ्याच्या जनावरास पाच, रत्नास सात, दुभत्या जनावरास तीन. (याच यादीत त्याने दासदासींच्या परीक्षेचीही मुदत घातली आहे, त्या काळाची गौरवगाथा गाणाऱ्यांनी तीही वाचावी.) औषधे, तेल, मीठ, धान्य, गूळ यांत हीन माल मिसळणाऱ्यास त्याने सोळा पणांचा दंड सांगितला आहे. आणि जो खोटा अभियोग आणील त्याने मागितलेल्या रकमेच्या दुप्पट भरावे, असाही त्याचा निर्बंध आहे. विकणारा, घेणारा आणि फिर्याद करणारा या तिघांनाही त्याने एकाच दोरीने बांधले आहे.

या स्मृतीवरील मिताक्षरा ही विख्यात टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्य नृपती सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयाने लिहिली. त्या राजाचा काळ इ. स. १०७६ ते ११२६ असा आहे, आणि ती कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. परभणीचा हा गोदाकाठचा मुलूख तेथून फार दूर नाही. पुढे मराठ्यांच्या न्यायपद्धतीत निवाडा झाल्यावर जिंकणाऱ्याकडून हरकी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी घेण्याची चाल होती. हरणाऱ्यास आपण हरलो असे यजितखतही लिहून द्यावे लागे. दोन्हीकडून पैसे घेण्यात सरकारची मिळकत होती हे उघड आहे. तरीही उगाच भांडणाऱ्यास विचार करावयास लावणारी ही एक युक्ती होती.

आता हा सारा नियमसंग्रह एका गृहीतावर उभा आहे. ते गृहीत असे की घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवले तर त्यास वस्तू कळते. याच परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे संत जनाबाईचे जन्मस्थान. तिचे नाव घेतले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे जाते उभे राहते. त्या जात्यात न कळण्यासारखे काय होते? खालची तळी, वरची तळी, मधली खीळ, हाती धरावयाचा खुंटा. दगड ठिसूळ असेल तर पिठात कच येते आणि जेवणाऱ्याच्या दाताखाली ती तत्काळ समजते. दळण जाड येऊ लागले की टाकी लावून घ्यावयाची. बोट चेंगरले तर दळणारीचेच लक्ष चुकले. पाथरवटास त्याबद्दल कोणी जाब विचारला नसता, आणि विचारणे न्यायाचेही झाले नसते. विळी, पाटा-वरवंटा, कुऱ्हाड, मोट, यांची गोष्ट हीच. करणारा गावातला, घेणारा गावातला, आणि वस्तूचे पोट उघडे. अशा जगात 'पारखून घे, आणि घेतल्यावर आपले तू पाहा' हा नियम कठोर भासत नाही.

इंग्रजी कायद्याचाही जुना बाणा हाच होता. परंतु तेथे यंत्राचे युग आधी आले, म्हणून तेथील न्यायास आधी अडचण पडली. ती अडचण फोडणारा खटला ऐकावयास कॉफीच्या खटल्याइतकाच हास्यास्पद आहे. २६ ऑगस्ट १९२८ रोजी स्कॉटलंडातील पेझली गावी एका बाईस तिच्या मैत्रिणीने उपाहारगृहात आल्याच्या पेयाची बाटली घेऊन दिली. अर्धे पेय पिऊन झाल्यावर उरलेले ओतताना बाटलीतून कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, असे त्या बाईचे म्हणणे. तिने दावा लावला तो दुकानदारावर नव्हे, तर ज्याच्याशी तिचा कसलाही करार झालेला नव्हता त्या पेय बनविणाऱ्यावर. २६ मे १९३२ रोजी इंग्लंडच्या लॉर्डांच्या सभेने तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की, तिचे म्हणणे सिद्ध झाल्यास बनविणारा जबाबदार राहील. पुढे प्रकरण मिटले, आणि बाटलीत गोगलगाय खरोखर होती की नव्हती हे कधीच शाबीत झाले नाही! तरीही कारखान्यातून निघणाऱ्या मालाविषयी इंग्रजी परंपरेतील साऱ्या देशांचा कायदा त्या गोगलगाईच्या पाठीवर बसून पुढे गेला.

का गेला? बाटलीची काच अपारदर्शक होती. दुकानदारास आत दिसत नव्हते, मैत्रिणीस दिसत नव्हते, पिणारीस दिसत नव्हते. बाटलीस झाकण ठोकल्यापासून ती ओठांस लागेपर्यंत आत पाहण्याची संधी एका बनविणाऱ्यावाचून कोणासही नव्हती. घेणाऱ्याचे डोळे हा जुन्या न्यायाचा आधार होता. कारखान्याने ते डोळे बांधले, म्हणून डोळ्यांचे काम त्याने आपल्या शिरावर घ्यावे, इतका सरळ हा विचार आहे. आमच्या १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यातही हा धागा दिसतो. घेणाऱ्याने माल तपासला असेल तर, जे दोष तपासणीत दिसावयास हवे होते त्यांबद्दल त्यास तक्रार करता येत नाही. ज्या दोषांवर नजर पोहोचणे शक्य नव्हते त्यांबद्दल येते.

परभणीच्या वाट्यास मात्र हा १९३० चा कायदाही तेव्हा आला नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता, आणि तेथील न्यायखात्याची भाषा उर्दू होती. मराठी कुणब्याने दुकानदाराविरुद्ध कागद करावयाचा तर तो परक्या लिपीत. तेव्हा 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण या मुलखात अंगवळणी पडली असल्यास नवल काय! ब्रिटिश हिंदुस्थानातले पुष्कळसे कायदे १९५१ साली या प्रांतास लागू झाले. पायरी मात्र उंचच राहिली.

दरम्यान घरात यंत्रे शिरली होती. त्यांतले पहिले, मध्यम वर्गाच्या स्वयंपाकघराचे जवळजवळ दैवत होऊन बसलेले, ते रॉकेलचा स्टोव्ह. स्वीडनमध्ये १८९२ साली निघालेला प्रायमस आगगाडीच्या वाटेने गावोगाव गेला, आणि चुलीच्या धुराने डोळे गेलेल्या कित्येक पिढ्यांच्या लेकीसुनांनी त्यास दुवा दिला. त्याचे शास्त्रही घरोघर ठाऊक झाले. काकडा पेटवून आधी बर्नर तापवावा, मग पंप मारावा, नळी तुंबल्यास पिन करावी, जळता असताना तेल भरू नये, पदर सावरावा. स्टोव्ह जात्यासारखा मुका दगड नव्हे. त्याच्या पोटात दाबलेली हवा असे, आणि टाकीचा सांधा पक्का आहे की नाही हे बायकांच्या डोळ्यांस दिसत नसे. वापरणाऱ्याचे काम आणि बनविणाऱ्याचे काम येथे प्रथमच वेगळे झाले. पण ते वेगळे आहे हे कळावयास आपल्या समाजास बराच वेळ लागला.

त्या वेळात या बिचाऱ्या यंत्रावर एक भयंकर आळही आला. १९८० च्या आगेमागे 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' हा मथळा वृत्तपत्रांत इतका नेहमीचा झाला की वाचणारे पान उलटू लागले. भडका नेमका सुनेच्याच अंगावर का उडतो, सासूच्या का नाही, असा प्रश्न स्त्रियांच्या संघटनांनी विचारला तेव्हा कोठे डोळे उघडले. १९८३ साली विवाहितेच्या छळाचे कलम आणि १९८६ साली हुंडाबळीचे कलम दंडसंहितेत आले. लग्नापासून सात वर्षांच्या आत असा मृत्यू झाला आणि हुंड्यापायी छळ झाल्याचे दिसले, तर पती व सासरचे लोक यांनाच जबाबदार धरावे असे ठरले. यंत्रावर दोष ढकलण्याची तऱ्हा केवळ लोभी फिर्यादीचीच असते असे नाही. काही घरांनी आपले पाप रॉकेलच्या टाकीत बुडविले, आणि ती टाकी साक्ष देऊ शकत नव्हती.

ग्राहकाच्या बाजूने संघटित बोलणे मात्र महाराष्ट्रात लवकर सुरू झाले, हे आपणांस भूषणावह आहे. मुंबईत १९६६ साली काही स्त्रियांनी एकत्र येऊन ग्राहकांस मार्गदर्शन करणारी संस्था काढली; पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभारली; पुढच्या वर्षी मुंबईची ग्राहक पंचायत निघाली. या चळवळींची चिकाटी पाठीशी होती म्हणून १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा नुसता कागद राहिला नाही. त्या कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यास एक मंच दिला, आणि वकिलावाचून स्वतः उभे राहून बोलण्याची मुभा दिली. पहिली कित्येक वर्षे तेथे शुल्कही नव्हते. उर्दू कागदाच्या काळापासून दूर राहिलेल्या माणसास कोर्टाची पायरी प्रथमच बेताची वाटावी, अशी ही सोय होती.

पायरी खाली आली की नको ते लोकही चढतील, ही भीती कायदा करणाऱ्यांसही होतीच. म्हणून त्यात एक कलम घातले गेले: तक्रार क्षुल्लक किंवा केवळ त्रास देण्यासाठी केलेली आढळल्यास ती कारणे नोंदून फेटाळावी, आणि तक्रारदाराने समोरच्या पक्षास दहा हजार रुपयांपर्यंत खर्च द्यावा. याज्ञवल्क्याची दुप्पट येथे दहा हजारांवर येऊन थांबली. आम्हांस हे सौम्य वाटत नाही, उलट योग्य वाटते. दंड फार जबर ठेवला तर खोटा माणूस भितो की नाही हे सांगता येत नाही. खरा माणूस मात्र घरीच बसतो.

पुढे २०१९ चा कायदा २०२० च्या जुलैमध्ये अंमलात आला, आणि सदोष वस्तूमुळे होणाऱ्या इजेची जबाबदारी प्रथमच एका स्वतंत्र प्रकरणात मांडली गेली. घडणीतील दोष, आखणीतील दोष, सूचना अपुऱ्या असणे, या सर्वांचा भार बनविणाऱ्यावर टाकला आहे. त्याच वेळी वस्तूचा गैरवापर झाला असेल किंवा तीत फेरफार केलेला असेल, तर विकणाऱ्यावर दावा चालत नाही. आणि जो धोका उघड आहे, किंवा जो सर्वांस ठाऊक असावयास हवा, त्याची सूचना दिली नाही म्हणून बनविणारा दोषी ठरत नाही. कॉफीच्या खटल्यातील शेकडा २० ची जागा ती हीच.

आपल्या घरांकडे या दृष्टीने पाहिले तर तो शेकडा २० कधीकधी बराच फुगलेला दिसेल. तीन दांड्यांची पिन भिंतीतल्या दोन भोकांत बसत नाही म्हणून तिसरी दांडी मोडून टाकणारे गृहस्थ आपल्यांतलेच आहेत. ती दांडी विजेचा धक्का जमिनीत नेण्यासाठी होती, शोभेसाठी नव्हे. पाणी तापविण्याची विजेची कांडी बादलीत चालू असताना पाण्यात बोट घालून ऊन झाले का पाहणे, कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाल्यावर त्या जागी बाजारात मिळेल तो बसविणे, मोबाईल उशीखाली ठेवून रात्रभर भारित करणे. ही कृत्ये करून पुन्हा कारखानदाराच्या नावे बोटे मोडणे शोभत नाही. तरी एक आक्षेप आम्ही राखून ठेवतो. जे 'सर्वांस ठाऊक असावयास हवे' ते कोणत्या भाषेत? खोक्यात घडी घालून ठेवलेल्या सूचनापत्रावर चार-पाच भाषा असतात आणि मराठी पुष्कळदा नसते. सेलूच्या किंवा पूर्णेच्या बाजारात तो जिन्नस घेणाऱ्या बाईने ती पत्रिका वाचली नाही असे म्हणण्यापूर्वी तिला वाचता येईल अशी ती होती काय, हे विचारले पाहिजे.

परभणीसारख्या जिल्ह्यात वर्षातील सर्वांत जोखमीची खरेदी ही कांडीची किंवा कुकरची नसतेच. ती मृगाच्या तोंडावर घेतलेल्या बियाण्याच्या पिशवीची असते. आजचे बियाणे हे जात्यापेक्षा त्या अपारदर्शक बाटलीच्या जातीचे आहे. पूर्वी कणगीतले निवडून ठेवलेले वाण पेरीत, आणि त्याचा बाप-आजा ठाऊक असे. आता पिशवी शिवलेली असते, वर खूणचिठ्ठी असते, आणि आतल्या दाण्यात जीव आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. उगवले नाही की जो वाद सुरू होतो त्यात कॉफीच्या खटल्यातील दोन्ही बाजू जशाच्या तशा भेटतात. शेतकरी म्हणतो बियाणे खोटे. कंपनी म्हणते तू खोल पेरलेस, पुरेशी ओल नसताना पेरलेस.

असे एक प्रकरण २०१२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ते आंध्रातले होते, आणि प्रतिपक्षी होते राष्ट्रीय बीज निगम. शेतकरी हा ग्राहकच नव्हे, आणि त्याने बियाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करविली नाही, असे आक्षेप निगमाने घेतले होते. न्यायालयाने ते मानले नाहीत. शेतकरी घेतलेले सगळे बियाणे पेरणार. पुढे खटला होईल म्हणून त्याने नमुना राखून ठेवावा अशी अपेक्षा कशी करावी, असा त्या निकालाचा आशय आहे. ज्याचे डोळे बांधलेले आहेत त्याने पाहिले नाही म्हणून त्यास शिक्षा नको, हा पेझलीच्या बाटलीचाच न्याय नांगराच्या तासापर्यंत आलेला येथे दिसतो.

पण २०२० सालचा अनुभव इतका सरळ नव्हता. त्या वर्षी जून महिन्यात मराठवाड्यात सोयाबीन उगवले नाही अशा तक्रारींचा पूर लोटला, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आपण होऊन त्याची दखल घेतली. कारणे शोधू गेल्यास ती एका ठिकाणी सापडत नाहीत. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात काढणीच्या वेळी आलेल्या पावसाने बीजोत्पादनाचे सोयाबीनच भिजले होते. या दाण्याचे साल पातळ. मळणीत, पोती आपटण्यात, वाहतुकीत ते दुखावते आणि अंकुराची शक्ती जाते. असा माल पिशवीत भरून विकणे हा विकणाऱ्याचा दोष, त्यात शंका नाही. परंतु पहिल्या सरीवर घाई करून, पुरती ओल नसताना, यंत्राने खोल पेरणारेही थोडे नव्हते. दोघांचे हिस्से पाडावयाचे तर शेतात जाऊन पाहिले पाहिजे, आणि तेही कोंब कुजून जाण्यापूर्वी. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीने वेळेवर येऊन पंचनामा केला तर न्यायास काही आधार राहतो. महिन्याने आली तर नुसते तण दिसते. ज्या जिल्ह्यात आडसाली पाऊस आणि कर्ज यांनी माणूस आधीच वाकलेला आहे तेथे दुबार पेरणीचा खर्च म्हणजे काय, हे आमच्या शहरवासी वाचकांनी घरच्या कुकरच्या किंमतीवरून अजमावू नये.

अशा ठिकाणी क्षुल्लक दाव्यांचा बाऊ करणे आम्हांस विपरीत वाटते. येथे उणीव आहे ती दावा करणाऱ्यांची. पावती मागितली तर दुकानदारास राग येईल, आणि पुढच्या हंगामात तो उधार देणार नाही, म्हणून पावतीवाचून पिशवी उचलणारे पुष्कळ आहेत. कृषिखाते सांगते की पिशवी, खूणचिठ्ठी, पावती आणि मूठभर बियाणे पीक हाती येईपर्यंत जपून ठेवावे. सर्वोच्च न्यायालयाने नमुन्याची सक्ती काढून टाकली असली तरी ती मूठ राखून ठेवण्यात शेतकऱ्याचे काही जात नाही.

आणि पेरणीपूर्वीची परीक्षाही आता पुन्हा शिकविली जात आहे. १८ मे १९७२ रोजी परभणीस स्थापन झालेले मराठवाडा कृषी विद्यापीठ, ज्यास आता वसंतराव नाईकांचे नाव आहे, त्याचे शास्त्रज्ञ आणि कृषिखात्याचे लोक दर उन्हाळ्यात गावोगाव ती सांगतात. पिशवीतले सरसकट शंभर दाणे मोजून घ्यावे. गोणपाटाचा तुकडा भिजवून त्यावर ते दहा-दहाच्या ओळींनी मांडावे. वर दुसरा ओला तुकडा घालून गुंडाळी करावी, आणि सावलीत ठेवून पाणी शिंपीत राहावे. साताआठ दिवसांनी गुंडाळी उलगडून चांगले कोंब मोजावे. सत्तर किंवा अधिक निघाले तर बियाणे प्रमाणास उतरले. कमी निघाले तर एकरी बियाणे वाढवावे, आणि फारच कमी निघाले तर पिशवी पावतीसह दुकानदारापुढे ठेवावी. पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, आणि तीनचार सेंटिमीटरांहून खोल नको. या परीक्षेस यंत्र लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. आठ दिवस लागतात. याज्ञवल्क्याने बियाण्यासाठी दिलेल्या मुदतीतले दोन दिवस त्यानंतरही शिल्लक उरतात.